जळालेल्या नऊ गाड्या: जॅग्वार एक्सकेएसएस पुन्हा घडवण्याचं प्रकरण

पद्मिनीचा दरवाजा सडला की मुंबईचा माणूस कुर्ल्याला जायचा. दोन-चार दुकानं पालथी घालायची, भावावरून हुज्जत घालायची आणि मोडीत निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीचा दरवाजा टॅक्सीच्या टपावर बांधून आणायचा. जुन्या गाड्या जगवण्याचं निम्मं शास्त्र यात येतं. एक गाडी मरते आणि दहा गाड्यांना अवयव देऊन जाते. पण गाड्या मुळात सोळाच बनल्या असतील, त्या सोळाही धडधाकट असतील आणि प्रत्येकीची किंमत मलबार हिलच्या फ्लॅटला लाजवणारी असेल, तर मोडीत काढायला गाडी आणायची कुठून?

जॅग्वार एक्सकेएसएस ही अशी गाडी. २०१६ साली जॅग्वारने तिच्या नऊ नव्या प्रती घडवायला घेतल्या. दुर्मीळ सुटा भाग बनवण्याची गोष्ट नेहमी एखाद्या मडगार्डाची किंवा सिलिंडर हेडची असते. इथं गाडीतला प्रत्येक भाग दुर्मीळ होता. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासासारखं वाटतं. एका मडगार्डासाठी गॅरेजवाल्याला जे प्रश्न पडतात, ते सगळे इथं एकाच वेळी पडले. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न यंत्राचा नव्हता. मूळ गाडी म्हणजे नेमकी कोणती, हे कुणीतरी ठरवायचं होतं.

आग

जॅग्वारची डी-टाइप ही शर्यतीची गाडी १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ते ब्रिस्टल या विमान कंपनीतून आलेले, त्यामुळे गाडीच्या अंगात विमानाचा सांगाडा मुरलेला होता. मधला भाग पत्र्याच्या पिंपासारखा, रिव्हेट मारून जोडलेला आणि स्वतःच्या आकारावर उभा राहणारा. इंजिन पेलायला पुढे पोलादी नळ्यांची चौकट.

१९५६ च्या हंगामानंतर कंपनीने स्वतःचा शर्यतीचा संघ बंद केला. कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात न खपलेल्या, अर्धवट डी-टाइप पडून होत्या. त्यांचं करायचं काय? सर विल्यम लायन्स हे पैशाचा पक्का हिशेब ठेवणारे मालक. त्यांनी ठरवलं की याच गाड्यांना रस्त्यावर चालण्याजोगं करून विकायचं, मुख्यतः अमेरिकेत. चालकाच्या डोक्यामागचा, माशाच्या परासारखा उंच पंख काढला. चालक आणि शेजारचा माणूस यांच्यामधली भिंत काढली. पलीकडच्या बाजूला दरवाजा दिला, रुंद काच बसवली, कापडी टप दिलं, बारीक बंपर लावले आणि मागच्या पाठीवर सामान बांधायला दांडी लावली. झाली एक्सकेएसएस. खरं तर शर्यतीच्या घोड्याला टांग्याचं जू लावण्याचा हा प्रकार होता, पण दिसायला ती अशी उतरली की अजून लोक तिच्यावरून जीव ओवाळतात.

अशा पंचवीस गाड्या करायचा बेत होता. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेनला आग लागली आणि त्यातल्या नऊ गाड्या संपल्या. सोळा तेवढ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचल्या. बारा अमेरिकेत, दोन कॅनडात, एक हाँगकाँगला आणि एकच ब्रिटनमध्ये.

कारखान्यात एकोणसाठ वर्षं नऊचा आकडा रिकामा राहिला. मधल्या काळात कंपनीचे मालक बदलत गेले. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. म्हणजे या नऊ गाड्या पुन्हा घडायला लागल्या तेव्हा त्यांच्या मालकीचा शेवटचा धागा फोर्टातल्या बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयापर्यंत येत होता. काम मात्र शंभर टक्के इंग्रजांच्या हातचं. उगाच त्यात आपलं कौतुक घुसवायला नको.

त्याआधी, २०१४ मध्ये, कंपनीने हाच प्रयोग लहान प्रमाणात केला होता. १९६३-६४ च्या हलक्या ई-टाइपच्या अठरा गाड्यांपैकी बाराच बनल्या होत्या. उरलेल्या सहा पन्नास वर्षांनी बनवल्या. त्या खपल्या, आणि मग एक्सकेएसएसला हात घालायचा धीर आला.

मोजायची कोणती?

जुन्या एक्सकेएसएसचे पत्रे ज्या लाकडी सांगाड्यावर बसवून तपासत, तो सांगाडा आता अस्तित्वात नाही. इंग्रजीत त्याला बक म्हणतात. आपल्याकडच्या कारागिराला सांगायचं तर हा गाडीच्या आकाराचा लाकडी पिंजरा. आकार त्याच्यावर ठोकत नाहीत. ठोकलेला पत्रा त्याच्यावर ठेवून कुठं उचललाय, कुठं दबलाय ते बघतात. दर्जीच्या दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यासारखाच त्याचा उपयोग.

तो नाही म्हटल्यावर उरलेल्या मूळ गाड्या मोजणं भाग होतं. एक नाही, अनेक मोजल्या. त्रिमितीय स्कॅनरने पत्र्यापासून चासीपर्यंत टिपून संगणकात अख्खी गाडी उभी केली, आणि तिच्यावरून नवा लाकडी सांगाडा तयार केला.

बहुतेक बातम्यांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो: "स्कॅन केलं आणि बनवलं." खरी मेख इथंच आहे. स्कॅनर खोटं बोलत नाही, पण त्याच्यासमोर उभी असलेली गाडी बोलते. साठ वर्षांत ती कधीतरी ठोकली गेलेली असते, कुणा डेंटरने अंदाजपंचे सरळ केलेली असते, एखाद्या मालकाने हौसेने बदललेली असते. शिवाय मुळातच ती हाताने घडवलेली. त्या काळच्या हातच्या पत्रेकामात डावं आणि उजवं मडगार्ड काटेकोर सारखं मिळालं तर नवल. एकच गाडी मोजली असती तर तिचे अपघात, तिच्या दुरुस्त्या आणि त्या दिवशी कारागिराचा हात कसा चालला होता ते सगळं नऊ वेळा नव्याने छापलं गेलं असतं.

याचं गमतीदार उदाहरण लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात उभं आहे. अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांची गडद हिरवी एक्सकेएसएस तिथं आहे. डॅशबोर्डच्या खणातून वस्तू बाहेर पडतात म्हणून मॅक्वीननी व्हॉन डच या टोपणनावाच्या कारागिराकडून त्या खणाला कुलूपबंद झाकण करून घेतलं. झाकण सुंदर आहे, काम पहिल्या दर्जाचं आहे, आणि कारखान्यातून निघालेल्या गाडीत ते नव्हतं. जगातली सगळ्यांत प्रसिद्ध एक्सकेएसएस मोजायला घ्या, ती तुम्हाला चुकीचं उत्तर देईल.

अनेक गाड्यांची मापं एकमेकींवर ठेवली की जिथं सगळ्या जुळतात तिथं प्रश्न मिटतो. जिथं जुळत नाहीत तिथं माणसाने ठरवायचं. काही ठिकाणी सरासरी चालते, काही ठिकाणी ती घातक असते. दोन गाड्यांत भोक चार मिलिमीटर इकडे-तिकडे असेल, तर मधोमध पाडलेलं भोक एकाही गाडीचं नसतं. संशोधनाचं हे काम अठरा महिने चाललं, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

पत्रा

एक्सकेएसएसचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. मॅग्नेशियमची घनता १.७४, अॅल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची साधारण ७.८. म्हणजे तेवढ्याच आकाराचा पोलादी पत्रा साडेचार पट जड. शर्यतीसाठी सोनं. पण कारागिराच्या हाताला हा धातू रुसका. थंड असताना वाकवायला गेलं की चिरतो, म्हणून सहसा त्याला तापवून मऊ करून घ्यावं लागतं. पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. १९५५ च्या ल मां दुर्घटनेत मर्सिडीझच्या मॅग्नेशियमच्या गाडीने हे जगाला दाखवलं होतं. आणि पोलादाला चिकटून ओलाव्यात राहिला तर स्वतः झिजत जातो. ही गाडी पावसाळाभर रत्नागिरीत उघड्यावर ठेवली तर दिवाळीला नुसती चौकट सापडेल.

आज अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला असता तर वजनात थोडा फरक पडला असता, आणि रंगाखाली कुणाला कळलंही नसतं. त्यांनी मॅग्नेशियमच घेतलं.

घडवायची पद्धतही जुनीच, इंग्लिश व्हीलवर. हे यंत्र दिसायला सोपं आहे. वर एक मोठं सपाट चाक, खाली गोलाई असलेलं छोटं चाक, आणि दोन्हींच्या मधून पत्रा पुढे-मागे फिरवायचा. पोळी लाटताना मध्ये जोर दिला की मधोमध फुगवटा येतो, तसंच. जिथं जास्त फिरवाल तिथं धातू ताणला जातो, पातळ होतो आणि वर येतो. खालचं चाक बदललं की गोलाई बदलते. चूक एकच, पण ती महाग: जास्त ताणलेला धातू परत आत घेणं ताणण्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून चांगला कारागीर थोडं फिरवतो, सांगाड्यावर ठेवून बघतो, परत थोडं फिरवतो. एक्सकेएसएसच्या नाकाडाला सपाट अशी जागा जवळजवळ नाहीच. तिथं हे थोडं-थोडं किती वेळा करावं लागलं असेल, याचा अंदाज ज्याने कधी मडगार्ड ठोकलाय त्यालाच येईल.

मग जोडणी. एका गाडीत दोन हजारांहून जास्त रिव्हेट.

नळ्या आणि सूत

पुढची चौकट रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची जुनी कंपनी, आणि ५३१ हे नाव मोटारवाल्यांपेक्षा सायकलवाल्यांच्या तोंडी जास्त. १९३५ पासून चांगल्या सायकलींच्या चौकटी याच नळ्यांच्या. मॅंगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं हे पोलाद पातळ असूनही दणकट असतं, पण जास्त तापवलं की जोडापाशी कमजोर होतं. म्हणून ते वितळवून जोडत नाहीत. ब्राँझ वेल्डिंग करतात. त्यात नळी नुसती लाल होते, मधलं ब्राँझ वितळून सांध्यात भरतं, आणि नळीचा जीव शाबूत राहतो. जॅग्वारच्या माणसांनी नव्या चौकटीही तशाच जोडल्या.

कागदावर फालतू दिसणारी एक अडचण मात्र आली. जुन्या नळ्या इंचाच्या मापातल्या, आणि आजच्या मिलिमीटरच्या. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. बाजारात २५ ची नळी मिळते. ०.४ मिलिमीटरने असा काय फरक पडतो? पडतो. एका नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापून दुसऱ्या नळीवर बसवायचं असतं. फट राहिली तर ती भरायला ब्राँझ जास्त लागतं, आणि भरलेला जोड चपखल बसलेल्या जोडाइतका भरवशाचा नसतो. शिवाय नळी बारीक झाली की तिच्यावर चढणारा प्रत्येक क्लॅम्प, बुश आणि ब्रॅकेट बदलावा लागतो. एक मिलिमीटर वाचवायला गेलं की पन्नास भाग पुन्हा काढावे लागतात. म्हणून रेनॉल्ड्सकडून नळ्याच मुद्दाम इंचाच्या मापात घडवून घेतल्या.

आपल्याकडे हे सांगायला नकोच. हार्डवेअरच्या दुकानात आजही गिऱ्हाईक "चार सूत" म्हणतं आणि दुकानदार न विचारता अर्ध्या इंचाचा माल काढून देतो. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं झाली, पण आठ सुतांचा इंच अजून आपल्या मिस्त्र्यांच्या तोंडून हटलेला नाही. जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करणाऱ्याला पहिला धडा हाच: पाने दोन्ही जातींचे ठेव, आणि बळजबरी करू नको.

इंजिन

जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन १९४८ मध्ये आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. मग ते मिळायला काय हरकत, असं वाटेल. पण एक्सकेएसएसला लागतं ते डी-टाइपच्या घाटाचं: ३.४ लिटर, ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १०६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन वेबर कार्ब्युरेटर, २६२ अश्वशक्ती. आणि तेल तळाच्या सम्पमध्ये साठवायचं नाही, वेगळ्या टाकीत. त्यामुळे इंजिन खाली बसतं आणि गाडीचं नाक चपटं ठेवता येतं.

साठ वर्षांपूर्वीचा असा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, कुठं सापडलाच, तर तो एखाद्या खऱ्या डी-टाइपच्या पोटात जायला हवा, नव्या प्रतीच्या नाही. म्हणून बिडाचे ब्लॉक नव्याने ओतले, सिलिंडर हेडही नव्याने ओतली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत वाढलेल्या माणसाला यातली अडचण लगेच दिसेल. जुना ब्लॉक समोर आहे, त्याचं माप घेऊन पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) करा, असं म्हणणारा हमखास फसतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. दोन फुटांच्या ब्लॉकमागे सहा मिलिमीटर गेले. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावर आकसण आधीच धरलेली असते. त्यातून समोरचा ब्लॉक हा मशीनिंग झालेला, म्हणजे कातलेला आणि घासलेला. ओततानाचा मूळ आकार त्याच्याहून जाड होता. कुठं किती जाड, ते आता दिसत नाही, तर्काने ठरवावं लागतं. हेड अॅल्युमिनियमचं, त्याची आकसण आणखी वेगळी.

आणि पाण्याचे मार्ग. सिलिंडरांभोवती फिरणारी ती पोकळी रेतीच्या कोअरने बनते. ओतकाम झाल्यावर कोअर फोडून काढून टाकतात, म्हणजे जिने तो आकार दिला ती वस्तू त्याच दिवशी नष्ट होते. बाहेरचा स्कॅनर आत डोकावू शकत नाही. पूर्वी एखादा निकामी ब्लॉक उभा-आडवा कापून बघत. आता क्ष-किरणाने आतलं चित्र काढता येतं आणि रेतीचा कोअर थेट छापताही येतो. तरी पातळ भिंत कुठं दगा देणार, हे पहिला ब्लॉक ओतून, मशीन करून, पाण्याच्या दाबाखाली ठेवल्यावरच कळतं. मडगार्ड चुकलं तर गाडी कुरूप दिसते. ब्लॉक चुकला तर गाडी रस्त्यात उभी राहते.

जिथं जुनं सोडलं

सगळं १९५७ चं ठेवायचं ठरलं तरी एका ठिकाणी हात आखडावा लागला. जुन्या गाडीत पेट्रोल रबरी पिशवीत असायचं, विमानात असतं तसं. त्या काळचं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात फुगतं, मऊ पडतं. ई-२० आल्यापासून आपल्याकडचे जुन्या स्कूटरवाले हेच गाऱ्हाणं घेऊन बसलेत, त्यामुळे विषय नवा नाही. नव्या गाड्यांत इंधनाची टाकी आधुनिक सामानाची केली. सुरक्षेसाठी लागतील तेवढेच बदल करायचे, असं कंपनीचं धोरण होतं.

बाकी जिथं बदलायचा मोह झाला असता तिथंही बदललं नाही. डनलॉपचे डिस्क ब्रेक, त्यांना दाब देणारा प्लेसी पंप, दोन तुकडे रिव्हेट मारून जोडलेली मॅग्नेशियमची चाकं, स्मिथ्सच्या मीटरांच्या हुबेहूब प्रती, डॅशबोर्डवरच्या पितळी गुंड्या, सगळं त्या वर्षीचं. आधुनिक ब्रेक जास्त चांगले आहेत, यात वाद नाही. पण चांगलं करायला एकदा सुरुवात केली की थांबायचं कुठं, ते ठरत नाही. ब्रेकनंतर स्टिअरिंग, स्टिअरिंगनंतर गिअरबॉक्स, आणि शेवटी जुन्या कपड्यातली नवी गाडी. टाकी बदलण्यामागे आग हे कारण आहे. ब्रेक बदलण्यामागे फक्त सोय. माझ्या मते रेषा बरोबर जागी ओढली गेली.

हिशेब

पहिली गाडी नोव्हेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला, त्याच पीटरसन संग्रहालयात दाखवली. एका गाडीला दहा हजार माणूस-तास. एकच माणूस रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस काम करील तर त्याला चार वर्षांहून जास्त लागतील. किंमत दहा लाख पौंडांच्या वर, आणि नऊच्या नऊ विकल्या गेल्या. काम वॉरिकमधल्या कंपनीच्या खास शॉपमध्ये झालं. जिथं आग लागली त्या ब्राउन्स लेनला गाड्या बनणं २००५ मध्येच थांबलं होतं.

या गाड्यांना क्रमांक दिले ते एक्सकेएसएसच्या त्या काळच्या चासी-नोंदवहीतले. इथं मात्र माझं मन थोडं अडतं. धातू नवा, हात नवे, फक्त वहीतला आकडा जुना. जळालेली गाडी परत आली, असं म्हणणं भावनेला बरं वाटतं. पण सोळा मूळ गाड्यांच्या मालकांपैकी एखाद्याने याला नाक मुरडलं, तर त्याचंही चुकत नाही. त्याच्या गाडीत साठ वर्षांचे ओरखडे आहेत. नव्या गाडीकडे फक्त बरोबर मापं आहेत. कंपनीने निदान नाव प्रामाणिक ठेवलं. या गाड्यांना जुन्या म्हणून खपवलं नाही, त्यांना पुढच्या मालिकेतल्या नव्या गाड्या म्हटलं. खाजगी गॅरेजांत जुन्या क्रमांकाची एक पट्टी सापडली की तिच्याभोवती अख्खी गाडी उभी करून "मूळ" म्हणून विकतात. त्यापेक्षा हे बरं.

२०१८ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या रेट्रोमोबिल या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जॅग्वारने पुढची गाडी दाखवली, खुद्द डी-टाइप. शंभर बनवायचा जुना बेत होता, पंच्याहत्तर बनल्या होत्या. उरलेल्या पंचवीस आता. या वेळी गिऱ्हाइकाला विचारलं गेलं: १९५५ चं आखूड नाक हवं की १९५६ चं लांब?